देवमनच्या नावाची अभ्यासिका

देवमनच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला खुर्च्या कंपनीकडून आल्या, आणि दिवस उजाडताच वाकड्यात शिरला.

खुर्च्यांत वाईट काही नव्हतं. पांढऱ्या, नव्याकोऱ्या, पाठीवर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. देवमनची बायको भागिरथाबाई ओसरीवरून अंगणात उतरल्या, एका खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि मांडवाच्या कडेला सतरंजीवर जाऊन बसल्या. ऐंशीच्या घरातली बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना खाली बसलेलं पाहून आलेल्या बायाही सतरंजीवर सरकल्या. खुर्च्या तूर्त रिकाम्याच राहिल्या.

"आत्याबाई, वर बसा ना. मंग उठता येत नाही तुमाले," सरिता म्हणाली.

"उठवायले तू हायेस ना, पोरी," सासू गोड आवाजात म्हणाली.

सरिताला या घरात येऊन तीस वर्षं होऊन गेली होती. सासू ओरडली तर खुशाल हसावं, पण ती गोड बोलायला लागली की सांभाळून राहावं, एवढं शहाणपण तिला पहिल्या दोन वर्षांतच आलं होतं. आज मात्र सांभाळून राहून चालणार नव्हतं. आज तिला म्हातारीकडून एक होकार काढायचा होता.

गावाच्या उगवतीला बरडी आहे. बरडी म्हणजे नुसता काळा दगड. कुसळापलीकडे तिथं काही उगवत नाही, आणि शेळ्या सोडल्या तर तिचं कौतुक कोणाला नव्हतं. पण दोन वर्षांमागे साता समुद्रापलीकडची एक कंपनी आली आणि म्हणाली, हा दगड वितळवून त्याचं सूत काढता येतं. कापसाच्या मुलखातली माणसं पोट धरून हसली. मग दुपारच्या वेळी बरडीवर सुरुंगाचे बार उडायला लागले, दगडाचे ट्रक शेलूबाजारच्या हायवेला लागले, आणि हसणं थांबलं. कंपनीचं लांबलचक नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं तिला 'गोरी कंपनी' करून टाकलं.

गोरी कंपनी हाताची मोकळी होती. तिनं शाळेतल्या पोरांना दप्तरं दिली, म्हाताऱ्यांना चष्मे दिले. प्रवासी निवाराही बांधला. फक्त तो फाट्याच्या अलीकडे बांधला आणि जीप थांबते पलीकडे, कारण हायवेवरून कंपनीची पाटी अलीकडचीच दिसते. त्यात आता दुपारभर बकऱ्या रवंथ करत बसतात.

हे सगळं वाटायचं काम ज्याच्याकडे होतं तो सरिताचा मुलगा, धम्मरत्न. कंपनी जमिनीतून जे काढते त्याच्या बदल्यात तिथल्या लोकांना काय द्यायचं, कसं द्यायचं, आणि दिल्याचं जगाला कसं दाखवायचं, हे पाहणारा अधिकारी. कागदोपत्री त्याच्या हुद्द्यात 'सामाजिक जबाबदारी' असे भारदस्त शब्द होते. गावात त्याला 'वाटपवाले साहेब' म्हणत. आधी सहा वर्षं तो याच कंपनीच्या तांब्याच्या खाणीवर, आफ्रिकेत, झांबियाला होता. गेल्या पावसाळ्यात त्याची बदली आपल्याच बरडीवर झाली तेव्हा सरितानं सगळ्या वस्तीला खीर वाटली होती.

आता कंपनीला बरडीच्या या अंगाला, वस्तीच्या बाजूनं खोदायचं होतं. उद्या ग्रामसभेत त्याचा ठराव यायचा होता, आणि वस्ती कुरकुरत होती, कारण या अंगाच्या पायथ्याशी वस्तीची विहीर होती. तेव्हा कंपनीनं वस्तीला एक अभ्यासिका द्यायचं काढलं. पक्कं बांधकाम, पुस्तकं, संगणक, आणि नाव देवमनचं. देवमन जाऊन वर्ष झालं तरी त्याच्या शब्दाचं वस्तीतलं वजन या घराकडेच होतं. घरानं आज दानाच्या वेळी अभ्यासिका स्वीकारली, की उद्या वस्तीचे हात आपोआप वर होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सरिताला याहून थोडं जास्त माहीत होतं. महिन्यामागे गोठ्यापाशी धम्मरत्न तिला म्हणाला होता, "आई, ठराव झाला तं मी इथंच राहीन. नाही झाला तं मले परत तिकडं धाडतीन. चार-पाच वर्सं तरी."

"आन या अंगानं खोदलं तं इहिरीचं पानी जाईन का रे, रत्ना?"

"थे इंजिनिअर लोक पाह्यतात, आई," तो म्हणाला आणि मान खाली घालून खिशातला फोन काढून बघत बसला.

हे तिला लागलं होतं. झांबियात होता तेव्हा दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि तासभर चालायचा. तिथली माती लाल आहे, तिथं मक्याच्या पिठाचा घाटा खातात, खाणीशेजारच्या गावात एक चंदा नावाची बाई आहे आणि ती त्याला भाजलेली रताळी देते, सगळं तो सांगायचा. "तिकडंबी चंदा नाव असते, आई," म्हणून हसायचा. दोन हजार कोसांवरचं ते गाव सरिताला शेजारच्या आळीसारखं झालं होतं. आता लेक घरात झोपत होता, तिच्या हातचं जेवत होता, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. घरी राहिला की बोलेल हळूहळू, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ती कामाला लागली. नवरा शेषराव पहिल्या दोन दिवसांतच वळला. वाशिमला एसटीत असलेला धाकटा दीर गोपीचंद फोनवर वळला; बापाचं नाव इमारतीवर लागणार म्हटल्यावर त्याला वळवावंच लागलं नाही. उरली होती म्हातारी.

आणि गोपीचंदची लेक साक्षी, तिचा काही नेम नव्हता.

बाप-लेक सकाळच्या जीपनं आले. साक्षी धनजच्या शाळेत शिकवायची. बोलायला लागली की समोरच्याला आपण मागच्या बाकावर बसलोय असं वाटायचं. ओसरीवर पाणी प्यायला बसली आणि तिनं पेला उजेडात धरून पाहिला.

"काकू, पानी गढूळ हाये."

"रात्रीचं हाये थे. ताजं देतो," सरिता घाईनं म्हणाली. ताजं याहून गढूळ होतं. गेले दोन महिने बार उडाल्यावर विहिरीचं पाणी राखेरी व्हायचं, आणि ती ते दुहेरी फडक्यातून गाळून, निवळून, मगच म्हातारीच्या माठात ओतायची. घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

"पाऊस कमी होता यंदा," शेषराव सुपारी कातरत म्हणाला. "इहिरी सगळ्याच खाली गेल्या."

"खाली जानं येगळं आन गढूळ होनं येगळं, मोठे बाबा."

"तू आली नाही तं झाली सुरू," गोपीचंद लेकीवर डाफरला. "आबाचं नाव लागून राह्यलं, पोरी. ज्या मानसाले गावच्या इहिरीले हात लावू देत नव्हते त्या मानसाचं. कंपनी गोरी असो का काळी, आपल्याले काय करा लागते?"

धम्मरत्न आतून आला. पांढरा सदरा, दाढी केलेली, डोळ्यांखाली जाग्रणाची वर्तुळं. साक्षीनं त्याला बाजूला जागा करून दिली.

"दादा, अभ्यासिका चांगलीच हाये," ती म्हणाली. "माह्या शाळेत पुस्तकाचं एक कपाट धड नाही, मी कायले नाही म्हनू? पन ठराव उद्या हाये तं अभ्यासिका आजच काऊन?"

"साक्षी, कंपनी उद्या निघून गेली तरी अभ्यासिका राह्यते," तो शांतपणे म्हणाला. "आपली पोरं अभ्यासाले पुण्याले जाऊन खोल्याईत कोंडून घेतात. इथं घरचं जेवून अभ्यास करतीन. हे वाईट हाये का?"

"नाही."

"मंग?"

"मंग माह्या प्रश्नाचं उत्तर राह्यलंच," साक्षी म्हणाली, आणि दोघंही हसले. लहानपणी एका ताटात जेवलेली ही पोरं, भांडण आलं तरी आवाज चढत नव्हता.

आवाज चढला तो गोपीचंदचा, आणि तोही भलत्याच कारणानं. कंपनीच्या बोलेरोतून कोनशिलेचा नमुना उतरवला होता. काळ्या गुळगुळीत दगडावर वर कंपनीचं नाव वीतभर अक्षरांत, मग 'यांच्या सौजन्याने', आणि खाली कोपऱ्यात, नीट वाकून पाहिलं तर दिसावं असं, देवमनचं.

"बाबाचं नाव पायाशी?" गोपीचंद म्हणाला. "रत्ना, हे तू मंजूर केलं?"

"काका, थो नमुना हाये. बदलता येते."

"नमुन्यातच मानूस दिसते, बाप्पा."

आता खरं म्हणजे शेषरावालाही ती पाटी आवडली नव्हती. पण धाकट्या भावानं आपल्या पोराला चारचौघांत झापावं, हे त्याला त्याहून आवडलं नाही. "नाव मोठं पाह्यजे होतं तं तू बांधून द्याची होती अभ्यासिका," तो म्हणाला. "वाशिमले प्लॉट घेतला तवा बाबाचं नाव आठोलं नाही तुले."

सकाळी एका बाजूला असलेले दोघं भाऊ न्याहारीपर्यंत दोन बाजूंना झाले. गोपीचंद लेकीशेजारी जाऊन बसला. तिच्या बोलण्यात तथ्य आहे असं त्याला एकाएकी वाटायला लागलं. सरितानं कपाळाला हात लावला. महिनाभर विणलेलं माणसानं एका पाटीपायी उसवावं, याला काय म्हणावं? तिनं दोघांपुढे पोह्यांच्या ताटल्या आदळल्या आणि चुलीकडे गेली.

*

किन्हीराजाचे बौद्धाचार्य रामधन गुरुजी वेळेवर आले. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या, देवमनच्या फोटोला फुलं वाहिली, त्रिसरण-पंचशील झालं. रविवार होता म्हणून बरडीवर बार नव्हता. मांडवातली माणसं पांढऱ्या कपड्यांत दाटीनं बसली होती, खुर्च्यांवर पाव्हणेमंडळी आणि सतरंजीवर वस्ती, आणि गुरुजींचा आवाज संथ चालला होता. सरिता ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. आत पुरीचं पीठ झाकून ठेवलेलं, तेल तापायचं बाकी. देवमन असता तर तिनं त्यालाच विचारलं असतं, असं तिला फार वाटलं. सासऱ्याशी तिचं सासूपेक्षा जास्त जमायचं.

मग दानाची वेळ आली.

पुण्यानुमोदनाचं दान सगळीकडेच होतं. पण या घरात त्याला देवमननं लावलेली एक रीत होती. देणाऱ्यानं नुसतं दान जाहीर करायचं नाही. उभं राहून ते कोणाच्या कष्टाचं आहे तेही सांगायचं. रीत निघाली ती विहिरीवरून. बहात्तरच्या दुष्काळानंतर वस्तीनं स्वतःची विहीर खणायला घेतली. देवमन आणि भागिरथा, दोघंही सब्बल घेऊन खाली उतरायचे. पाणी लागायच्या बेताला एक मोठा शेतकरी आला आणि वरचं बांधकाम करून देतो, माझ्या बापाच्या नावाचा दगड लावा, म्हणाला. देवमननं त्याला गुळाचा चहा पाजला आणि विचारलं, "दगड लावू, पाटील. पन त्याच्यावर कष्ट कोनाचे म्हनून लिहू?" पाटील चहा पिऊन गेले. तेव्हापासून या घरच्या दानाला तो प्रश्न चिकटला. वर्षानुवर्षं त्याचं हसण्यावारी झालं होतं. गोपीचंद लहानपणी उभा राहून "आईच्या कनगीतल्या चोरलेल्या शेंगांचे कष्ट" म्हणाला होता, तो किस्सा अजून सांगतात.

आजही गोपीचंदच आधी उठला. विहाराला सतरंज्या. "कष्ट डबल ड्युटीचे," तो म्हणाला. साक्षीनं पोरांना पुस्तकं दिली. "कष्ट माहे," ती म्हणाली, "आन माहा गळा बसते थेबी धरा." मांडव हसला. दान मान्य झाल्याचं साधू, साधू, साधू झालं.

धम्मरत्न उठला. तो तयारीनं आला होता. आजोबांच्या स्मृतीला वंदन करून त्यानं अभ्यासिकेचं सगळं स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगितलं. किती पोरं बसतील, कोणत्या परीक्षांची पुस्तकं, रात्रीही वीज. ऐकणाऱ्यांच्या माना हलत होत्या. सरिताचा जीव भांड्यात पडत होता. तो बोलायचा थांबला आणि हात जोडून खाली बसायला लागला.

पण तो सहा वर्षं या घरच्या दानाला नव्हता. तयारी करताना रीत त्याच्या ध्यानातच राहिली नव्हती.

"बापू, कष्ट कोनाचे थे राह्यलं," भागिरथाबाई म्हणाल्या. आवाज गोड होता.

धम्मरत्न अर्धवट वाकलेला तसाच पुन्हा उभा राहिला. "कंपनीचे, आजी."

"कंपनी म्हंजे कोन? मले नाव सांग."

"तिथं काम करनाऱ्या मजुराईचे म्हना."

"मजुराईले इचारलं का?"

मागे कोणीतरी हसलं. धम्मरत्न हसला नाही. "नाही, आजी."

"आन दगड कोनाचा?"

"सरकारचा."

"इहीर?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना पकडल्या गेलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि सरिताला ते पाहवेना.

शेषराव उठला. "माय, लोकाईपुढं पोराले काऊन उभं करून राह्यली तू? सकाळपासून जो उठते थो त्याले बोलते. चोरी केली का त्यानं?"

"मी कुठं चोर म्हटलं?" म्हातारी म्हणाली. "पोरगं गुनाचं हाये. आन मी नाहीबी म्हनत नाही. मी आता इहिरीवर जात नाही, पाय जात नाहीत माहे. पानी काढते सरिता. अभ्यासिका घ्याची का, नाव द्याचं का, थे सरिता सांगन. तिचं म्हननं थे या घराचं म्हननं."

सगळा मांडव ओसरीकडे वळला.

महिनाभर जे मागायला ती दारोदार हिंडली होती ते सासूनं न मागता तिच्या पदरात टाकलं. एक शब्द बोलायचा होता. घ्या. एवढंच म्हटलं की लेक घरात राहणार होता. उद्याही, परवाही, त्याचं लग्न होऊन पोरंबाळं होईपर्यंत. सरिताच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. तिनं धम्मरत्नकडे पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली.

गोठ्यापाशी घातली होती तशीच. तिचा पोरगा तिच्याकडे बघू शकत नव्हता. तिनं घ्या म्हणावं म्हणून तो मनात हात जोडत असेल, आणि तरी तिच्याकडे बघू शकत नव्हता.

"रत्ना," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्या चंदाबाईचं सांग इथं."

त्यानं झटकन वर पाहिलं. "आई, थे तिकडचं हाये. इथं त्याचं काय?"

"मले फोनवर सांगतलं होतं ना तू. तसंच सांग."

धम्मरत्ननं सांगितलं, आणि आता त्याची पुस्तकी मराठी गळून पडली होती.

"तिकडं खान लय खोल हाये. आत पानी भरते, म्हनून कंपनी रात्रंदिवस पंप लावून थे उपसते. त्यानं बाजूच्या गावच्या इहिरी आटल्या. चंदाबाईची पहिले आटली. मंग कंपनीनं टँकर लावला गावाले. टँकरवर कंपनीचं नाव. चंदाबाई टँकरखाली कॅन धरून उभी होती, तिले म्हटलं हस, तं हसली. फोटो मीच काढला. कंपनीच्या पुस्तकावर छापला थो, गावाले पानी देल्लं म्हनून." तो थांबला. "आटलं कायनं, थे त्या पुस्तकात कुठं नव्हतं. मले बढती भेटली."

रामधन गुरुजी डोळे मिटून बसले होते. गोपीचंदनं एकदा घसा साफ केला आणि पुतण्याकडे बघत राहिला. सकाळचा राग त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हता.

"आमी नाव देत नाही," सरिता म्हणाली. "मामाजीचं नाव या कामाले नाही भेटनार."

भागिरथाबाईंनी मान हलवली. "कंपनीले सांग, बापू," त्या नातवाला म्हणाल्या, "अभ्यासिका मनापासून द्याची असन तं ठराव पडल्यावर द्या. आमी घेऊ. नाव तुमचंच लावा, मोठ्या अक्षरात."

कोणीतरी साधू म्हणालं. दुसऱ्या वेळी कोणी वेळेवर म्हणालं नाही, तिसऱ्या वेळी उशिरा म्हणालं, आणि तसंच ते न झालेलं दान संपलं.

*

माणसं जेवली. पुऱ्या, वांग्याची भाजी, खीर. सरितानं तळायला घेतलं ते शेवटची पंगत उठेपर्यंत मान वर केली नाही. शेषराव वाढता वाढता एकदा चुलीपाशी आला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि रिकामी टोपली घेऊन परत गेला. त्याला अजून बदलीचं माहीत नव्हतं. ते सांगायचं काम तिच्याच वाट्याला येणार होतं. साक्षीनं न सांगता बाजूला बसून पुऱ्या लाटल्या आणि एकही प्रश्न विचारला नाही, यासाठी सरितानं तिला मनातल्या मनात दुवा दिला.

ऊन कलल्यावर पाव्हणे जीपनं गेले. खुर्च्या बोलेरोत चढल्या. म्हातारीला तिघींनी धरून उठवलं, आणि ती खाटेवर पडल्या पडल्या झोपी गेली, जसं सकाळपासून काही घडलंच नव्हतं. सरिता मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. राख, नारळाची शेंडी, आणि कढईला बसलेलं तेल. धम्मरत्न येऊन शेजारच्या दगडावर बसला. त्यानं एक पातेलं ओढून घेतलं.

"राहू दे. सदरा खराब होते."

तो घासत राहिला. पातेल्यातून नजर न काढता म्हणाला, "साहेबाचा फोन आलता. सांगून टाकलं मी."

"काय म्हने?"

"काही नाही. बरं म्हने. थे लोक चिडत नाहीत, आई. पुढच्या महिन्यात जा लागन बहुतेक."

सरिताचे हात थांबले. तिला वाटलं होतं, ऐकायची तयारी झालीय आपली. नव्हती झाली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं राखेच्या हातानंच पुसलं आणि गालावर काळी रेघ ओढली गेली.

"तुले माईत होतं सगळं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. "तू हो म्हटलं असतं तं मी राह्यलो असतो. मंग काऊन, आई?"

"राह्यला असता, बाप्पा," सरिता म्हणाली. "माह्या डोयापुढंच राह्यला असता. पन खाली मान घालून. सहा वर्सं तू दूर होता तं मले सगळं सांगत होता. घरी आला आन मुका झाला. असा मुका पोरगा मले घरात नाही पाह्यजे, रत्ना. त्याच्यापेक्षा तू दूर राह्य, पन बोल."

पलीकडे गाय हंबरली. वस्तीतली एक बाई रिकामी घागर घेऊन विहिरीकडे गेली. तिच्या पाठोपाठ दुसरी गेली. धम्मरत्न त्यांच्याकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "या अंगाच्या पान्याचं तपासून झालं हाये. दिवाळीतच झालं. मी वाचलं होतं थे."

सरितानं हातातली कढई खाली ठेवली. "काय निघालं?"

"बरडीच्या पोटात दगडाची एक भेग हाये, लांबच लांब. पावसाचं पानी त्या भेगेतून आपल्या इहिरीत येते. आबानं जिथं खोदलं ना, नेमकं तिथं." त्यानं ओल्या बोटानं जमिनीवर एक रेघ ओढली, मग तिच्यावर आडवी दुसरी. "आन कंपनीले खोदायचं हाये थे इथं."

"उद्या सभेत सांगशीन हे?"

"आधी तुले सांगतो," तो म्हणाला.

आणि तो सांगत सुटला. कुठं भोकं पाडून पाहिली, कोण काय म्हणालं, कोणतं पान अहवालातून गळलं, दिवाळीपासून आपल्याला झोप कशी येत नाही. सरिता भिंतीला टेकून ऐकत राहिली. भांडी तशीच पडली. रविवारी फोनवर यायचा तो आवाज आज पहिल्यांदाच तिच्या घरात ऐकू येत होता.